मेंढी : एका पशुनामाचा इतिहास

मेंढी हे लोकर, मांस, दूध व खत यांसाठी पाळल्या जाणाऱ्या एका रवंथ करणाऱ्या पशूचे मराठीतील रूढ नाव होय. मराठीत नरास मेंढा किंवा एडका, मादीस मेंढी आणि पिलास कोकरू म्हणतात. लिंगभेद न करता सर्व जातीचा निर्देश करावयाचा असल्यास मेंढरू हे नपुंसकलिंगी रूप वापरतात. मेंढपाळ, मेंढका हे धंदावाचक शब्द याच मुळापासून झालेले आहेत. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत हा शब्दसमूह आजही रोजच्या व्यवहारातील आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पठारावर पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिमी. किंवा त्याहूनही कमी पडतो. त्यामुळे येथे शेतीइतकाच मेंढपाळीचा आधार महत्त्वाचा ठरला. प्रशासकीय दृष्ट्याही हा मुलूख दीर्घकाळ एकत्र होता. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

मेंढी हा शब्द वरकरणी साधा वाटतो. परंतु त्याचा इतिहास तसा नाही. घोडा, कुत्रा यांप्रमाणेच येथेही वेदकालीन जुना शब्द लोप पावला आणि त्याच्या जागी अज्ञात कुळातील शब्द आला. मेंढी हा पशू भारतात आर्यभाषकांनी प्रथम आणला नाही, हे पुरातत्त्वीय पुराव्यावरून दिसते. पण त्याचे त्यांच्या भाषेतील नाव मात्र त्यांनी बरोबर आणले होते. ते नाव का टिकले नाही आणि त्याची जागा घेणारा शब्द कोठून आला, हे दोन प्रश्न या नोंदीचा विषय आहेत.

शब्दाचे मूळ शोधण्याची जी पद्धत येथे लागू होते, ती यूरोपातील भाषांच्या अभ्यासातून सिद्ध झाली. लिखित पुरावा नसलेल्या भाषेतील शब्द तिच्या वंशज भाषांची तुलना करून मांडता येतो. अशा अनुमानित शब्दाच्या आरंभी तारांकन (*) करण्याचा प्रघात आहे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये इंडो-यूरोपीय मूळ भाषेत एक लहानशी बोधकथा रचून दाखविली, तीही मेंढी व घोडे यांचीच होती. ती भाषा बोलणाऱ्या लोकांना मेंढी ठाऊक होती याविषयी त्याला शंका नव्हती, आणि नंतरच्या संशोधनाने ती समजूत दृढच झाली. लॅटिन ‘ओविस’, ग्रीक ‘ओइस’, लिथुएनियन ‘आविस’, इंग्रजी ‘यू’ (मेंढी), आशिया मायनरमधील लुव्हियन भाषेतील ‘हावि’ आणि संस्कृत ‘अवि’ हे सर्व एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. लुव्हियन रूपातील आरंभीचा ‘ह’ हा मूळ शब्दातील एका कंठ्य व्यंजनाचा अवशेष मानला जातो. इतर शाखांत ते व्यंजन लोपले.

स्लाव्ह भाषांचे उदाहरण मराठी वाचकास विशेष उद्‌बोधक आहे. रशियन, पोलिश, सर्बो-क्रोएशियन या भाषांत मेंढीला उच्चारातील किरकोळ फरकाने ‘ओव्त्सा’ म्हणतात. चेक भाषेत ‘ओव्त्से’ म्हणतात. या सर्व भाषा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीपर्यंत एकच होत्या. त्या आद्य स्लाव्ह भाषेचा ग्रंथ किंवा शिलालेख उपलब्ध नाही; तरीही तीत *ओवित्सा असा शब्द होता असे निश्चितपणे म्हणता येते. या रूपातील ‘त्स’ मूळचा नाही. आधीच्या ऱ्हस्व इकाराच्या प्रभावाने ‘क’चा ‘त्स’ होणे हा त्या भाषेतील एक सुविदित ध्वनिनियम आहे. तो उलटा लावला असता *ओविका हे त्याहून जुने रूप हाती येते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात गंधार देशातील मेंढीचा उल्लेख आहे व तेथे आलेला शब्द आहे ‘अविका’. दोन्ही रूपे घडणीने तंतोतंत जुळतात. ‘क’ प्रत्यय लावण्याची रीत दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चालू असल्यामुळे ही रूपे वेगवेगळी सिद्ध झाली असण्याचीही शक्यता आहे. परंतु मूळ धातुशब्द एकच, याविषयी दुमत नाही. नरासाठी आद्य स्लाव्हमध्ये *ओविनु या प्रकारचे रूप होते व त्यास लिथुएनियन ‘आविनस’ हे रूप जुळते.

मेंढ्याचे दुसरे वैदिक नाव ‘मेष’. त्याचीही भावंडे दूरवर पसरलेली आहेत. पण त्यांच्या अर्थात मोठा पालट झालेला दिसतो. अवेस्तात ‘मएश’ व फार्सीत ‘मीश’ यांचा अर्थ मेंढी असाच राहिला. लिथुएनियनमध्ये मात्र ‘माइशस’ म्हणजे पोते, आणि आद्य स्लाव्हमध्ये *मेखु म्हणजे कातड्याची पिशवी किंवा भाता. रशियनमध्ये याच शब्दाचा अर्थ केसाळ कातडे असा होतो. पशू, त्याचे कातडे व कातड्याची पिशवी असा हा अर्थप्रवास आहे. इकारानंतर येणाऱ्या मूळ ‘स’चा संस्कृतात ‘ष’ व स्लाव्हमध्ये ‘ख’ होतो. हा नियम दोन्ही शाखांना समान असल्यामुळे येथे ध्वनींचा मेळही निर्दोष बसतो. लोकर या अर्थाच्या संस्कृत ‘ऊर्णा’ शब्दाची गोष्ट तशीच आहे. लॅटिन ‘लाना’, लिथुएनियन ‘विल्ना’, इंग्रजी ‘वूल’ आणि आद्य स्लाव्ह *विल्ना हे त्याचे सगोत्र शब्द होत.

मराठीकडे वळल्यास हा सारा वारसा जवळजवळ नष्ट झालेला आढळतो. ‘अवि’ बोलीत कोठेही नाही. ‘मेष’ पंचांगातील राशीच्या नावात आणि बावळट माणसास उद्देशून वापरल्या जाणाऱ्या ‘मेषपात्र’ या शब्दात उरला आहे. दोन्ही ठिकाणी तो पंडितांनी संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आहे. तो लोकांच्या तोंडी पिढ्यानुपिढ्या चालत आला असता, तर ‘महिषी’ची जशी ‘म्हैस’ झाली, त्याच नियमाने मराठीत *मेस असे काही रूप दिसले असते. हिंदीत ‘ऊर्णा’पासून ‘ऊन’ झाले. मराठीत त्याची जागा ‘लोकर’ या शब्दाने घेतली. माणदेशातील मेंढपाळाच्या बोलीत या पशूविषयी वेदकाळापासून अखंड चालत आलेला एकही प्रमुख शब्द नाही, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘अवि’ लोपण्याचे एक कारण ध्वनीत शोधता येते. शब्द दोन ऱ्हस्व स्वरांचा व एकाच मृदू व्यंजनाचा. प्राकृतात ‘अपि’ (सुद्धा) या अव्ययाचेही ‘अवि’ असेच रूप झाले. प्रत्येक वाक्यात येणाऱ्या अव्ययाशी ज्याचा उच्चार एक झाला, ते पशुनाम टिकणे कठीण होते. पुढे मराठीत अंत्य ऱ्हस्व स्वर लोपल्यानंतर तर *अव यापलीकडे त्यातून काही उरले नसते. स्लाव्ह लोकांनी ‘का’ प्रत्यय लावून शब्दाला जो आधार दिला, तो त्यांच्या भाषांतून टिकला. भारतात ‘अविका’ हे तसेच रूप असूनही ते मागे पडले. म्हणून केवळ ध्वनिक्षय हे कारण पुरेसे नाही. ‘मेष’ हा शब्द तर पुरेसा ठसठशीत होता. त्याला ‘अवि’ची अडचण नव्हती, तरीही तो गेला. दोन्ही शब्द एकाच वेळी हटतात तेव्हा त्यांना बाजूला सारणारा एखादा जोरकस प्रतिस्पर्धी शब्द व तो वापरणारा समाज गृहीत धरावा लागतो.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘मेंढ’ हा शब्द होय. तो वैदिक संहितांत नाही. पालीत तो ‘मेण्ड’, ‘मेण्डक’ असा स्पष्टपणे येतो. विनयपिटकात भद्दिय नगरातील मेण्डक नावाच्या धनाढ्य गृहपतीची कथा आहे. तोच संस्कृत दिव्यावदानात ‘मेण्ढक’ या नावाने भेटतो. मिलिंदपञ्ह या ग्रंथातील उभयपक्षी पेच असलेल्या प्रश्नांच्या विभागास ‘मेण्डकपञ्ह’ असे नाव आहे. दोन्ही शिंगांनी टक्कर देणाऱ्या मेंढ्यासारखे ते प्रश्न, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. प्राकृतात ‘मेंढ’, ‘मेंढी’ ही रूपे आहेत आणि मराठी रूपे त्यांपासून सरळ आलेली आहेत. ओडियात ‘मेण्ढा’, बंगालीत ‘मेड़ा’ व ‘भेड़ा’ आणि हिंदीत नरासाठी ‘मेंढा’ व जातीसाठी ‘भेड़’ असे शब्द आहेत. गुजरातीत मात्र ‘घेटुं’ हा वेगळाच शब्द रूढ आहे.

या कुळातील रूपांची अस्थिरता हीच त्याच्या परकेपणाची मुख्य खूण आहे. संस्कृत कोशांत व ग्रंथांत मेण्ढ, मेण्ढ्र, मेढ्र, भेड, एड, एडक असे शब्द आढळतात. आरंभी कधी ‘म’, कधी ‘भ’ तर कधी काहीच नाही. मध्ये कधी अनुनासिक आहे, कधी नाही. मूर्धन्य व्यंजन कोठे महाप्राण, कोठे अल्पप्राण. संस्कृतातील वारशाच्या शब्दांत असा गोंधळ नसतो, कारण तेथे प्रत्येक बदलाला नियम दाखविता येतो. एकच परका शब्द निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या तोंडांतून उचलला गेला म्हणजे असा विसंवाद निर्माण होतो. अमरकोशात मेंढ्याचे पर्याय म्हणून मेढ्र, उरभ्र, उरण, ऊर्णायु, मेष, वृष्णि व एडक अशी नावे दिली आहेत. त्यांपैकी उरण, ऊर्णायु, मेष व वृष्णि ही वारशाची. मेढ्र व एडक ही बाहेरून आलेली. कोशकाराने ती एका पंक्तीस बसविली असली तरी त्यांचे कुळ एक नाही.

‘मेढ्र’ या रूपाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मिह् (सिंचन करणे) या धातूपासून झालेला जननेंद्रियवाचक ‘मेढ्र’ हा वेगळा, अस्सल आर्य शब्द अथर्ववेदात आहे. वीर्यवान पशू म्हणून मेंढ्यास हेच नाव पडले, असे पूर्वी सांगितले जाई. ही उपपत्ती आकर्षक आहे, पण ती उलटी आहे. ‘र’युक्त रूप अर्वाचीन भारतीय भाषांत कोठेही उतरलेले नाही, लोकांच्या तोंडी ‘मेंढ’ होते व पंडितांनी त्यास परिचित संस्कृत शब्दाचा पोशाख चढविला, असेच मानणे सयुक्तिक ठरते. रॅल्फ टर्नर यांच्या १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशातही अशीच भूमिका आहे.

मग मूळ भाषा कोणती? फ्रेंच पंडित झां प्शिलुस्की यांनी हा शब्दसमूह ऑस्ट्रो-आशियाई, म्हणजे मुंडा भाषांच्या कुळातील मानला. आरंभीच्या व्यंजनाचा पालट ही त्या भाषांतील उपसर्गांची खूण आहे, असा त्या मताचा आधार होय. परंतु संथाळीसारख्या आजच्या मुंडा भाषांतील मेंढीवाचक ‘भिडी’ हा शब्द आर्य भाषांतूनच गेलेला दिसतो. शिवाय मेंढी हा दमट अरण्यप्रदेशाचा पशू नव्हे. ज्या लोकांना तो शेजाऱ्यांकडून मिळाला, त्यांच्याकडून इतरांनी त्याचे नाव घ्यावे, हे संभवनीय वाटत नाही.

‘एडक’ या शब्दाच्या बाबतीत द्राविडी संबंध अधिक ठोस आहे. तमिळ ‘याडु’ व ‘आडु’, कन्नड ‘आडु’, तेलुगू ‘एडिक’ या शब्दांचा अर्थ शेळी, मेंढी किंवा मेंढा असा आहे. छोटा नागपुरातील कुडुख भाषेत ‘एडा’ व बलुचिस्तानातील ब्राहुई भाषेत ‘हेट’ असे सगोत्र शब्द आहेत. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) या गटाखाली संस्कृत ‘एड’, ‘एडक’ यांची तुलना दिलेली आहे. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत पसरलेला शब्द त्या कुळात जुना असला पाहिजे. संस्कृतात तो फार लवकर शिरला. शतपथ ब्राह्मणात वरुणप्रघास या विधीसाठी सातूच्या पिठाची मेष व मेषी करून त्यांवर लोकर चिकटविण्यास सांगितले आहे, आणि ती लोकर शक्यतो ‘अनैडकी’, म्हणजे एडक जातीची नसलेली, असावी असा निर्देश आहे. ही एक अत्यंत बोलकी नोंद आहे. याज्ञिकाच्या दृष्टीने मेष आणि एडक यांत फरक होता. मेष विधीचा व परंपरेचा; एडक बाहेरचा, कदाचित स्थानिक लोकांच्या कळपातला. पुढे इ. स. पू. तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दुभत्या शेळ्या-मेंढ्यांच्या वधास मनाई केली, तेव्हा त्याच्या कारकुनांनी मेंढीसाठी ‘एडका’ हाच शब्द घातला. ‘अवि’ किंवा ‘मेषी’ नव्हे. राजाज्ञा लोकांना कळावी म्हणून कोरली होती. तेव्हा त्या काळी रोजच्या व्यवहारातील शब्द कोणता होता, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

‘मेंढ’चे मूळ याइतके स्पष्ट नाही. तो ‘एड’ या शब्दाचेच आरंभी ‘म’ असलेले भावंड, की स्वतंत्र शब्द, याचा निर्णय झालेला नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, द्राविडी किंवा मुंडा यांपैकी एकाची निवड केलीच पाहिजे हा आग्रह येथे अनाठायी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ. स. पू. सातव्या सहस्रकापासून मेंढ्या असल्याचे अवशेष मिळाले आहेत. वायव्येकडील त्या पशुपालकांची भाषा कोणती होती हे सांगणारे साधन नाही. ज्या भाषेचा आज मागमूस नाही, अशा एखाद्या भाषेतूनही हा शब्द आर्य व द्राविड या दोन्ही कुळांत उतरला असू शकेल. स्लाव्ह भाषांतही असेच घडले आहे. तेथे मादीचे *ओवित्सा हे नाव वारशाचे आहे. पण मेंढ्याचे रूढ नाव ‘बारान’ याचे मूळ वादग्रस्त असून ते अनेकांनी परकीय मानलेले आहे. मेंढा जातिवंत पैदाशीसाठी विकत घेतला जातो, बाजारात दूरवर जातो आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही जाते.

मराठीने या परक्या शब्दाला स्वतःच्या घडणीत कसे बसविले, हे पाहण्यासारखे आहे. मेंढा-मेंढी ही जोडी घोडा-घोडी याप्रमाणे सरळ आहे. ‘मेंढरू’ हे रूप मात्र खास मराठी वळणाचे आहे. वासरू हे संस्कृत ‘वत्सरूप’पासून, पाखरू ‘पक्षिरूप’पासून व गुरू-ढोरू यांतील गोरू ‘गोरूप’पासून झाले. त्याच नमुन्यावर मेंढरूसाठी *मेंढरूप हे रूप गृहीत धरतात. हे रूप कोणत्याही ग्रंथात नाही. आद्य स्लाव्ह *ओवित्साप्रमाणेच ते तुलनेने सिद्ध केलेले आहे. परक्या शब्दाला आर्य प्रत्यय लागला, म्हणजे हा शब्द त्या काळी पूर्णपणे घरचा झालेला होता. ‘एडका’ हा शब्दही मराठीने नरासाठी राखला. एकाच पशूच्या नराला मेंढा व एडका ही दोन नावे मराठीत नांदतात, ती अशी दोन वेगळ्या वाटांनी आलेली आहेत.

शेळीची कथा वेगळी आहे. तिचे नाव ‘छाग’, ‘छगल’ या जुन्या कुळातील प्राकृत ‘छेलिआ’ या रूपावरून आले. प्राकृत ‘छ’चा मराठीत ‘स’ व इ-एच्या सान्निध्यात ‘श’ होतो. छाया–सावली, छगण–शेण ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. झूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात (वा. गो. परांजपेकृत मराठी अनुवाद १९४१) या ध्वनिबदलाचे विवेचन केले आहे. कळपाच्या शत्रूचे नावही नवे आहे. संस्कृत ‘वृक’ व आद्य स्लाव्ह *विल्कु एकच. परंतु मराठीत वृक गेला आणि ‘लांडगा’ आला. तो शेपूट तुटका या अर्थाच्या ‘लांडा’ या शब्दाशी जोडला जातो. हिंस्र पशूचे खरे नाव न घेता त्यास वर्णनात्मक नाव देण्याची चाल स्लाव्ह लोकांतही होती. अस्वलाला ते ‘मध खाणारा’ या अर्थाचे *मेद्वेदि हे नाव देत.

ध्वनिसाम्यावरून मूळ ठरविण्याचा मोह या प्रदेशात अनेक ठिकाणी होतो. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे ठाणे मेढा याचा मेंढ्याशी संबंध जोडावासा वाटेल. परंतु मराठीत ‘मेढ’ म्हणजे दुबेळक्याचा खांब व ‘मेढेकोट’ म्हणजे खांबांचे कुंपण असलेली गढी, आणि ग्रामनामाचा संबंध त्या शब्दाशी असणे अधिक संभवते. बिरोबाच्या जत्रेत गायिली जाणारी धनगरी ‘ओवी’ आणि लॅटिन ‘ओविस’ यांचे साम्य तर निव्वळ योगायोगाचे आहे. ओवी ही ‘ओवणे’ या क्रियापदापासून आली. तिचा मेंढीशी संबंध आहे तो गाणाऱ्याच्या व्यवसायापुरता. याउलट माळरानावरील ‘मेडशिंगी’ या वृक्षाच्या नावात मेंढा खरोखरच दडलेला आहे. त्याच्या लांब, वाकड्या शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या दिसतात व संस्कृतात ‘मेषशृंगी’ हे नाव याच कल्पनेने बनले आहे.

शब्दाच्या इतिहासावरून समाजाचा इतिहास किती सांगता येईल, हा या विषयातील खरा विवाद्य भाग आहे. मेंढी हे नाव अनार्य, म्हणून मेंढपाळ धनगर समाज आर्यपूर्व, अशी मांडणी अधूनमधून केली जाते; तिच्या उलट धनगर या नावातील ‘धन’ संस्कृत, म्हणून समाजही उत्तरेकडून आलेला, असाही तर्क होतो. दोन्ही अनुमाने तितकीच कच्ची आहेत. शब्द एका समाजातून दुसऱ्यात जातो तसा समाजही एक भाषा सोडून दुसरी स्वीकारतो. पुराव्याने एवढेच म्हणता येते की, दख्खनमध्ये मेंढी पाळण्याची प्रथा मराठी भाषेहून खूप जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात (१९६८–८३) ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीत शेळ्या-मेंढ्यांची हाडे मिळाली. त्या वसाहतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. १६०० ते ७०० असा मानतात. ते लोक कोणती भाषा बोलत, हे हाडे सांगत नाहीत.

सांगलीच्या पूर्व भागातील भाषिक परिस्थिती या दृष्टीने अधिक मार्मिक आहे. जत तालुक्यात मराठी व कन्नड शेजारी नांदतात. अनेक कुटुंबे दोन्ही भाषा बोलतात. कन्नडमध्ये मेंढीला ‘कुरि’, मेंढ्याला ‘टगरु’ म्हणतात आणि तेथील मेंढपाळ समाज ‘कुरुब’ या नावाने ओळखला जातो. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाची उपासना भाषेची सीमा मानीत नाही. ग्युंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या जर्मन ग्रंथात (१९७६) या सीमापार पशुपालक संस्कृतीचा विस्ताराने अभ्यास केला. असे असूनही मराठी मेंढपाळाने कन्नड ‘कुरि’ उचलला नाही. शेकडो वर्षांच्या निकट सहवासातही मूळ पशुनाम जागचे हलले नाही, याचा अर्थ ‘मेंढी’ हा शब्द दख्खनमधील कन्नड-मराठी देवाणघेवाणीतून आलेला नाही. तो पाली-प्राकृताच्या वाटेने, मराठी वेगळी होण्यापूर्वीच, भाषेत पक्का झालेला होता. दख्खनमधील परभाषासंपर्काचे खापर नेहमी कन्नडवर फोडण्याची सवय अभ्यासकांनी येथे तरी सोडावी.

नावाखेरीजचा मेंढपाळीचा शब्दसंग्रह मात्र स्थानिक आहे आणि कोशांत तो अपुराच आला आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) पुष्कळ शब्द नोंदलेले आहेत. कृ. पां. कुलकर्णी यांच्या मराठी व्युत्पत्ति कोशाचा (१९४६) भर स्वाभाविकपणे प्रमाण भाषेवर आहे. कळपाला ‘खांड’, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या तळाला ‘वाडा’, कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीला ‘जावळ’ म्हणतात. जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची मानली जाई. आटपाडीजवळच्या माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीत माणदेशी मेंढपाळांचे जग त्यांच्या बोलीसह वाङ्‌मयात आले. भाषाभ्यासकाला तिचा उपयोग साहित्यप्रेमी वाचकाइतकाच आहे.

पशूच्या जातींची नावेही या भूमीशी निगडित आहेत. भरड, काळपट लोकरीची दख्खनी मेंढी सर्वत्र आढळते. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव मिळालेली माडग्याळ मेंढी पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, उंच व बाकदार नाकाची असून ती लोकरीपेक्षा मांसासाठी पाळतात. मेंढी व शेळी विकासाच्या शासकीय महामंडळाची प्रक्षेत्रे सांगली जिल्ह्यात रांजणी व सातारा जिल्ह्यात दहिवडी येथे आहेत. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी भागात पोहोचू लागल्यापासून डाळिंब व द्राक्षांच्या बागा वाढल्या, आणि चराऊ माळ आकसला. पावसाळ्यानंतर वाडे पश्चिमेकडे कृष्णाकाठाला उतरतात, ती प्रथा मात्र चालू आहे. तेथे पीक निघालेल्या रानात खतासाठी रात्री कळप ठेवण्याला ‘मेंढरं बसवणे’ म्हणतात. शेतकरी त्याचा मोबदला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने देतो.